धरलंय

शिवाजी उद्यमनगरात सुट्टीच्या दिवशी जी शांतता असते ती कानाला सोसत नाही. एरवी लेथ, ड्रिल आणि पत्र्यावर पडणारे हातोडे यांच्या गदारोळात बापानं पोराला जेवायला हाक मारली तरी भांडण लागल्यागत वाटतं. सुट्टीला मात्र कावळा ओरडला तरी माणूस मान वर करून बघतो. अशा दिवशी गल्लीत एकच शटर उघडं असायचं, गुरुसिद्ध अण्णाचं. कामाची हौस म्हणावी तर तसं काही नाही. घरी बसलं की बायको महादेवी विचारायची, "काय लागलंय तुमाला, तोंड उघडून बोलाल तर खरं." त्याचं उत्तर अण्णाकडं नव्हतं. म्हणजे होतं, पण बायकोला सांगण्याजोगं नव्हतं.

माणूस मूळचा गडहिंग्लजकडचा. ब्रेकच्या कामात त्याचा हात धरणारा कोल्हापुरात कोणी नाही असं गिऱ्हाइकं म्हणायची आणि अण्णाही ते काही नाकारायचा नाही. मलकापूर, चंदगडकडची घाटात गाड्या घालणारी माणसं त्याच्याकडं यायची. इंजिनानं दगा दिला तर माणूस रस्त्यात बसतो, ब्रेकनं दिला तर घरचे रडत बसतात, हे अण्णाचं ठरलेलं बोलणं. ऐकून ऐकून चहावाल्यालाही ते पाठ झालं होतं.

त्या दिवशी ऊन जरा वर आलं आणि एक पांढरी गाडी गल्लीच्या तोंडाला दिसली. चालत नव्हती, रांगत होती. हँडब्रेक ओढून कशीबशी दारात थांबली. चालवायला राजवीर होता. मागं त्याची बायको संयोगिता मांडीवर तान्हं बाळ घेऊन, आणि तिच्या शेजारी तिची आई तानाबाई.

तानाबाई दिसली आणि अण्णानं नजर चाकांकडं वळवली. तिला बघितलं की दर वेळी वळवायचा. ती आकारामची बायको. आकाराम म्हणजे याच गॅरेजात मिसरूड फुटल्यापासून अण्णाबरोबर राबलेला आणि महापुरात वाहून गेलेला माणूस.

"अण्णा, पेडल पार तळाला जातंय बगा," राजवीर खाली उतरत म्हणाला. "कालपतुर दगडागत होतं. आज सासूबाईंच्या दारातनं निघालो, कोपऱ्यावर पाय ठेवला, तर लोण्यात ठेवल्यागत."

"निघालाय कुठं?"

"सावंतवाडीला. नोकरी तिकडंच न्हवं माजी. बाळ पाच म्हैन्यांचं झालं, आता न्यायचं म्हणतोय. सासूबाई बी येत्यात चार महिने. आंबोलीनं उतरायचं."

आंबोलीचं नाव ऐकून अण्णानं हातातला फडका खाली ठेवला. एका अंगाला कडा, एका अंगाला दरी, आणि मांडीवर पाच महिन्यांचं पोर. "आधी उतरा सगळी," तो म्हणाला. "मी सांगूस्तवर ह्या गाडीत बाळ बसवायचं न्हाई. आज जमलं न्हाई तर उद्या जावा."

"उद्या आमुशा हाय अण्णा," तानाबाई म्हणाली. "पयल्यांदा घरात जातंय पोर, आमुशेला कसं न्यायचं? आजच जायाला पायजे. तुमी हाईसा की, काळजी कसली."

तानाबाईचा हा विश्वासच अण्णाला चावायचा. ती शिव्या देती तर त्याला एक वेळ भाकरी गोड लागली असती.

अण्णानं बॉनेट उघडलं. ब्रेक ऑइलची टाकी काठोकाठ. चारी चाकं काढली. मागचे ड्रम आतून कोरडे ठणठणीत, पुढं कुठं थेंब नाही. रबरी नळ्या बोटांत दाबून, वाकवून बघितल्या, फुगवटा नाही की चीर नाही. राजवीरला पेडल दाबून धरायला लावलं. पेडल खाली गेलं, पण जिथं थांबलं तिथनं हळूहळू सरकलं नाही, म्हणजे ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडरही शाबूत. मग राहिली एकच गोष्ट, हवा. ऑइल दाबलं की दबत नाही, ते जोर चाकापर्यंत पोचवतं. नळीत हवा शिरली की सगळा जोर हवाच गिळून बसते आणि चाकाला पत्ताही लागत नाही. हे ठीक आहे, पण हवा शिरायला भोक लागतं, आणि भोक कुठंच नव्हतं.

"हवा काढूया," अण्णा म्हणाला. "बस आत. पाय घट्ट पायजे."

हवा काढायचं काम दोघांचं. एकानं सीटवर बसून पेडल मारायचं, दुसऱ्यानं गाडीखाली चाकाशी पडून निपल उघडायचं. निपल म्हणजे चाकामागचा बारका पोकळ बोल्ट. खालचा म्हणतो, "मार." वरचा पेडल खालीवर मारतो. खालचा म्हणतो, "धर." वरचा पेडल दाबून धरतो आणि सांगतो, "धरलंय." मग खालच्यानं निपल उघडायचं, बुडबुडे बाहेर येतात, निपल बंद, की पुन्हा "मार". सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करून जवळच्यावर यायचं, आणि चारी झाली की शेवटी म्हणायचं, "सोड." वरच्यानं मध्येच पाय उचलला तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि केलं काम मातीत.

पेडलावर आकारामसारखा माणूस पुन्हा मिळाला नाही. सांगितल्याशिवाय पाय उचलायचा नाही, म्हणजे नाहीच. एकदा चौथं चाक झाल्यावर अण्णा गाडीखालून निघाला तो समोर शिरोळचा एक पाव्हणा उभा. त्याच्याशी ट्रॅक्टरचं बोलत बोलत चहाला गेला, तिथनं दुकानात गेला, आणि परत येऊन बघतो तर आकाराम तसाच सीटवर. कपाळाला घाम, मांडी लटलटा कापतेय, पाय पेडलावर.

"आरं येड्या, उठला का न्हाईस?"

"सोड म्हणला न्हाईसा न्हवं."

सगळी गल्ली हसली होती त्याला. नंतर कितीतरी दिवस पोरं त्याला रस्त्यात गाठून "सोड रे आकाराम" म्हणायची, आणि तो लाजून हसायचा.

महापुराच्या सालापासून मात्र अण्णाच्या तोंडून 'सोड' हा शब्द गेला तो गेलाच. पेडलावर गिऱ्हाईक बसो की शेजारचा वेल्डर, शेवटी अण्णा "झालं" म्हणायचा.

त्या साली शाहूपुरीत पाणी शिरलं आणि एका गिऱ्हाइकाची नवी गाडी पार्किंगात अडकली. आकाराम म्हणाला होता, "अण्णा, पाण्याला लई ओढ हाय. ऱ्हाऊ दे आज." अण्णाला गिऱ्हाइकापुढं माघार घ्यायची नव्हती. "दोर अडकवायचा आणि यायचं, त्यात काय एवढं?" असं तो म्हणाला. खांबाला दोराचा एक वेढा दिला आणि एक टोक स्वतः धरून उभा राहिला. दुसरं टोक हातात घेऊन आकाराम छातीभर पाण्यात शिरला. गाडीपर्यंत पोचला, दुसऱ्या हातानं तिचं कॅरिअर धरलं, आणि त्याच वेळी मागची कंपाउंडची भिंत पडली. पाण्याचा लोंढा आला. गाडी फिरली. दोर खांबावरनं सरसरत निघाला, अण्णाचे तळहात सोलले, पाय घसरले, तो स्वतःच पाण्याकडं ओढला जायला लागला. तेव्हा तो ओरडला, "सोड!"

आकारामच्या एका हातात गाडी होती आणि एका हातात दोर. काय सोडू, असं त्यानं विचारलं नाही. जन्मात कधी विचारलं नव्हतं. त्यानं दोर सोडला.

अण्णाला 'गाडी सोड' म्हणायचं होतं. निदान स्वतःला तो तसंच सांगत आला होता, रोज, अंघोळीच्या वेळी, जेवताना, पाना फिरवताना. पाणी उतरल्यावर आकाराम पार शिरोळकडं उसात सापडला. लोकांनी विचारलं तेव्हा अण्णा म्हणाला, "हात सुटला त्येचा." कोणीतरी म्हणालं, "गारठ्याची घेतली असंल थोडी." अण्णा गप्प बसला. पोरगी जन्मल्यापासून आकाराम थेंबाला शिवला नव्हता हे अण्णाइतकं कोणाला ठाऊक होतं? तरी तो गप्प बसला, आणि लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं. तानाबाईनंही समजून घेतलं. मेलेल्या माणसावर दारूचा डाग बसला, आणि तो बसवणारा माणूस त्याच्या पोरीच्या लग्नात पुढं होऊन अक्षता वाटत होता. खाई त्याला खवखवे म्हणतात. अण्णाच्या घशात ती खवखव कायमची मुक्कामाला आली होती.

राजवीर सीटवर बसला. अण्णा मागच्या डाव्या चाकाशी आडवा झाला, निपलाला पारदर्शक नळी लावली, नळीचं दुसरं टोक ऑइलच्या बाटलीत सोडलं. "मार. मार. धर."

"हां, दाबलंय," राजवीर म्हणाला.

निपल उघडलं आणि बुडबुडे आले. येऊ देत, म्हणून अण्णानं काम चालू ठेवलं. पण बुडबुडे थांबेनात. एवढ्याशा नळ्यांत हवा मावून मावून किती मावणार? आणि ते एकसारखे येत नव्हते. एक मोठा, मग थोडी उसंत, मग एक मोठा. पाण्याखाली कोणी दम राखून सोडावा तसे. अण्णानं नजर बाटलीवरून काढली.

चारी चाकांवर तेच. चारी चाकं झाली, पेडल तसंच मऊ.

अण्णानं बाटली उचलून उजेडात धरली. आत घातलेलं ऑइल नवं, डबा त्याच्या हातानं फोडलेला. बाटलीत जे होतं ते गढूळ होतं. त्यानं नाकाजवळ नेलं. ब्रेक ऑइलचा उग्र वास त्याच्या ओळखीचा होता. हा दुसरा वास त्या वासावर चढून बसलेला होता आणि तोही अण्णाच्या ओळखीचा होता. पूर ओसरल्यावर शाहूपुरीतल्या भिंतींना महिनाभर येत होता तो, नदीच्या गाळाचा.

"काय झालं अण्णा?" राजवीरनं विचारलं.

"काय न्हाई. जुनं ऑइल तळाशी साठलेलं असतंय." खोटं बोलणं अण्णाला आता जड जात नव्हतं. "पुन्यांदा काढू."

त्यानं बाटली गटारात ओतली, टाकी नव्या ऑइलनं भरली आणि पुन्हा मागच्या डाव्या चाकाशी जाऊन पडला. बाहेर बाळ किरकिरायला लागलं होतं. संयोगिता काहीतरी बोलली, दार वाजलं, पावलं वाजली. गाडीखाली पडलेल्या माणसाला सगळेच आवाज सारखे, अण्णानं लक्ष दिलं नाही.

"मार," तो म्हणाला.

पेडल मारल्याचा आवाज आला, दमात, एका लयीत. राजवीर मघा घाईनं मारत होता. शिकला म्हणायचा, अण्णाच्या मनात आलं.

"धर."

"धरलंय."

अण्णाचा पाना निपलावरच थांबला. मघा हा "दाबलंय" म्हणत होता. असेल, आपलंच ऐकून म्हणाला असेल. जावई कुणाचा आहे! शेवटी चोराच्या मनात चांदणं, अण्णानं स्वतःलाच सुनावलं आणि निपल उघडलं.

या वेळी बुडबुडे भराभर आले आणि संपले. त्यांच्यामागून गढूळ धार आली, तीही संपली, आणि नळीतून स्वच्छ पिवळसर ऑइल उतरलं. कसं सुरेख काम. अण्णानं निपल आवळलं. कितीतरी दिवसांनी त्याला कामात बरं वाटलं.

मागचं उजवं चाक. "मार. धर."

"धरलंय."

गाळ, मग स्वच्छ ऑइल. अण्णा सरकत सरकत पुढच्या डाव्या चाकाशी आला. इथून गाडीच्या पोटाखालून पलीकडचा रस्ता दिसत होता. चहाच्या गाड्याशी राजवीरच्या चपला दिसल्या. मागची पिवळी पट्टी त्यानं मघाशीच बघितली होती. चपला एका जागी डुलत होत्या. खांद्यावर बाळ घेऊन उभा असलेला माणूस डुलतो तशा. त्यांच्या शेजारी दोन साड्यांचे काठ होते.

तिघंही तिकडं होती.

अण्णाच्या हातातला पाना घामानं घसरायला लागला. त्यानं तो विजारीला पुसला. उठून पळावं असं त्याला वाटलं का? वाटलं. पण चार चाकांचं काम निम्म्यात होतं, आणि काम बरोबर होत होतं. त्या पोराला घाटातून खाली जायचं होतं. असा विचार करून अण्णा पडून राहिला की हलायचा धीर नव्हता म्हणून पडून राहिला, ते त्यालाच माहीत.

"मार," तो म्हणाला. आवाज चिरका आला.

पेडल वाजलं.

"धर."

"धरलंय."

शेवटचं चाक पुढचं उजवं, ड्रायव्हरच्या दाराला लागूनच. अण्णा तिथं गेला तो मान खाली घालून. दार उघडं होतं. मान उचलली असती तर सीट दिसली असती. त्यानं उचलली नाही.

मार. धर. धरलंय.

स्वच्छ धार आली. एक बुडबुडा नाही. अण्णानं निपल आवळून बंद केलं, वर रबरी टोपी बसवली, आणि हलकेच म्हणाला, "झालं."

चाक काढलेलं होतं, त्यामागची ब्रेकची तबकडी अधांतरी होती. पेडल सुटलं असेल तर ती हातानं फिरायला हवी. त्यानं फिरवून बघितलं. हलली नाही.

"झालं," तो पुन्हा म्हणाला.

तबकडी तशीच आवळलेली. गल्लीत कुठं काही वाजत नव्हतं.

मग डोक्याच्या वरून, हातभर अंतरावरून, विचारणा झाली.

"काय सोडू, अण्णा?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. कामाच्या माणसानं कामाची गोष्ट विचारावी तसं विचारलं होतं.

अण्णाचं तोंड उघडलं. तोंडात शब्द आला तो 'गाडी' नव्हता. इतकी वर्षं घोकलेला शब्द ऐन वेळी आला नाही, खरा होता तो आला. दोर. त्या दिवशीही त्याला दोरच म्हणायचं होतं. तळहात सोलत होते, पाय निघाले होते, आणि आकारामपेक्षा त्याला स्वतःचा जीव प्यारा झाला होता. हे त्याला कळलं आणि त्यानं ओठ मिटून घेतले.

तसाच तो कोपरांवर सरपटत बाहेर आला, उठून उभा राहिला आणि मग बघितलं. सीट रिकामी होती. सीटचं कापड कोरडं होतं. पेडल मात्र खाली दाबलेलं होतं.

"झालं व्हय अण्णा?" राजवीर रस्ता ओलांडून येत होता. "बाळानं लई कालवा केला म्हणून गेलतो. तुमी हाक मारशीला म्हटलं."

अण्णानं वळून त्याच्याकडं बघितलं. पुन्हा आत बघितलं तेव्हा पेडल आपल्या जागी वर होतं.

राजवीर बसला, पाय दाबला आणि खूश झाला. "आयला, दगड झालाय दगड! कसं काय केलासा ओ एकट्यानं?"

"हातखंडा असतोय," अण्णा म्हणाला आणि चाकं बसवायला लागला. नट दोनदा हातातून निसटले.

गाडी फिरवून बघायची वेळ आली तेव्हा अण्णा बाजूच्या सीटवर बसला. एरवी ब्रेकचं काम केलेली गाडी तो दुसऱ्याच्या हातात देत नसे. राजवीरनं टेंबलाई टेकडीच्या उतारावरून गाडी खाली घातली, दोनतीनदा जोरात ब्रेक मारला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. अण्णाचं लक्ष रस्त्यावर नव्हतं. तो राजवीरच्या पायाकडं बघत होता. पाय पेडलावर टेकायच्या आधीच पेडल खाली जातंय असं त्याला एकदा वाटलं. एकदाच. मग वाटलं, आपलं डोकं ठिकाणावर नाही.

परत आल्यावर सगळी गाडीत बसली. आता सांगायला हवं होतं. पण काय सांगणार? आज जाऊ नका म्हणावं तर का म्हणून विचारतील. गाडी ठीक नाही म्हणावं तर जावयानं आत्ताच तिची तारीफ केलीय. एक खोटं माणूस सांगतो, मग त्या खोट्याचीच चाकरी करत बसतो.

तानाबाईनं काच खाली घेतली. नातवाच्या कुंचीची नाडी बांधता बांधता म्हणाली, "ह्ये असते तर आज नातू बघून येडे झाले असते बगा. पर त्येंच्या नशिबात दारूच होती. शुद्धीत असते तर हात कशाला सुटला असता? पोरीचा इचार करायचा हुता वं अण्णा त्येंनी, एवढा तरी."

ती रडत नव्हती. तक्रार करत होती, घरच्या माणसाबद्दल करतात तशी. शेजारी संयोगिता खिडकीबाहेर बघत होती. बापाचं हे ऐकून ऐकून तिनं असंच बाहेर बघायची सवय लावून घेतली असावी.

सांगायची वेळ ही होती. एक वाक्य पुरलं असतं. तो प्यायलेला नव्हता, एवढं जरी म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

"सावकाश जावा," अण्णा म्हणाला. "घाट दुसऱ्या गिअरवर उतरा."

गाडी गेली. अण्णानं शटर ओढलं, पण घरी गेला नाही. आत स्टुलावर बसून राहिला. दुपारी महादेवीचा जेवायला फोन आला, त्यानं भूक नाही म्हणून सांगितलं. मोबाइल हातात धरून तो मनातल्या मनात गाडीबरोबर चालला होता. आता निपाणी गाठली असेल. आता आजरा. आता आंबोलीचं जंगल लागलं असेल. मन चिंती ते वैरी न चिंती, त्यातली गत.

उन्हं पत्र्यावरून उतरली तेव्हा फोन वाजला. राजवीरचा होता. अण्णाला घेववेना. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा घेतला.

"अण्णा, सगळी बरी हाव, घाबरू नगासा," राजवीर आधी म्हणाला, आणि अण्णाच्या जिवात जीव आला. "पर गाडी अडकलीया. आंबोलीत, घाट सुरू हुतोय तिथंच. माझा पाय बी नव्हता, आणि पेडल आपोआप खाली गेलं. चारी चाकं जाम. रस्त्याच्या कडंला हाय, धोका न्हाई. पर पेडल वर येईना. हातानं ओढलं, टॉमीची पहार घालून उचलाय बघितलं. कुणी पाय दिऊन बसल्यागत झालंय. हितला एक मेकॅनिक बघून गेला, त्यो म्हणतोय काय बी बिघाड न्हाई."

"बाळ कुठं हाय?"

"बाळ आणि संयोगिता हाटेलात बसल्यात. सासूबाई तेवढ्या गाडीतनं उठंनात. पुढं येऊन माज्या सीटवर बसल्यात. थांबा, फोन मागाय लागल्यात त्या."

फोन हातातून हातात गेला. वाऱ्याचा आवाज आला, मग दार बंद झाल्याचा, मग काहीच नाही. गाडीत बसलेल्या माणसाचा श्वास तेवढा ऐकू येत होता. तो एकाच माणसाचा आहे का, हे अण्णानं कान देऊन ऐकलं नाही.

"अण्णा," तानाबाई म्हणाली.

"बोला."

"ह्येंनी धरलंय."

तिच्या आवाजात भीती नव्हती, रडणं नव्हतं. स्वयंपाकघरातून बोलावं तशी ती बोलत होती.

"हितं बसून किती येळा मी ह्येस्नी इचारलं. सोडा की म्हटलं, पोराला घरी न्यायचं हाय. तर म्हणत्यात, अण्णांनी सांगितल्याबिगर न्हाई सोडणार."

"तानाबाई..."

"लगीन होऊन आले तवापास्नं बघतीया की मी त्येंना. सांगितल्याबिगर पाय उचलायचा न्हाई, हात काढायचा न्हाई. जळलं तरी न्हाई आणि बुडलं तरी न्हाई. मला कसं आठवलं न्हाई वं येवढं? सगळ्यांनी दारू म्हटलं आणि मी बी दारूच म्हणत बसले."

पलीकडं घाटात कुठलीशी एसटी चढत होती, तिचा आवाज लांब गेला.

"मग त्या दिवशी कुणी सांगितलं, अण्णा?"

गॅरेजात अंधारून आलं होतं आणि त्याला उठून दिवा लावता येईना.

तानाबाईनं बरीच वाट बघितली. मग फोन कुठंतरी खाली, खूप खाली नेल्याचा आवाज आला, आणि तिचं बोलणं लांबून, वरून आल्यासारखं ऐकू आलं.

"फोन पेडलापाशी धरलाय मी. बोला."